मोजलेलं एक माणूस

या, अंमळ जवळ सरका. पाय पोटाशी घ्या, मागच्यालाही जागा द्या. एका शिंप्याची आणि त्याच्या बायकोची गोष्ट सांगतो. देवाला ती ठाऊकच आहे, तुमच्याही कानावर असावी.

गाव टेकडीमागे, हमरस्त्यापासून लांब. तरणीताठी पोटामागे शहरात गेलेली, मागे उरली ती पिकली पानं. रोज एकच बस, सकाळी नेणार आणि संध्याकाळी आणून टाकणार. शिंप्याच्या बायकोच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा तिला शहरच्या दवाखान्यात नेऊन यंत्रावर रक्त धुऊन आणावं लागे. बस होती म्हणून ती होती. एरवी घरात वाहन म्हणाल तर शिंप्याची सायकल, तीही चढावर त्यालाच ढकलायला लावणारी.

एका सकाळी ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"मास्तर, ही गाडी बंद करायचं घाटतंय. तुमच्याकडे माणसं उरलीत का ते मोजायला बुधवारी साहेब येणार आहेत."

शिंपी घरोघर फिरला. "बुधवारी झाडून सगळ्यांनी बसमध्ये! साहेबाला पाय ठेवायला जागा मिळता कामा नये."

"आणि शहरात जाऊन करायचं काय?" दुकानदाराने विचारलं.

"स्टँडवर बसायचं आणि परत यायचं."

"म्हणजे घरी करतो तेच!"

हसत हसत का होईना, सगळे तयार झाले. बुधवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून चढवलं. लंगडे आजोबा तर नवा सदरा घालून आले. बायको मात्र आदल्या दिवशीच्या उपचाराने गळून गेली होती.

"अहो, मी पडते जरा. एवढ्या गर्दीत एका माझ्याने काय अडणार?"

बस तुडुंब भरली. शिंपी दारात लोंबकळत प्रत्येक थांब्यावर मान उंच करून बघत होता. साहेब काही चढला नाही. दिवसभर सगळे स्टँडच्या बाकांवर बसून राहिले. परतीलाही कोणी आलं नाही.

घरी आला तर बायको उंबऱ्यात बसलेली.

"साहेब येऊन गेले."

"कुठे? बसमध्ये तर नव्हते!"

"मोटारसायकलवर आले, घरोघरची माणसं मोजायला. दारोदार हिंडले, जिथे तिथे कुलूप. मी पाणी दिलं. म्हटलं, सगळे बसने गेलेत, संध्याकाळी येतील. तर म्हणाले, वहिनी, गावोगावी हेच ऐकतो, गेलेले परत येणार आहेत म्हणून. मी डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो."

"काय लिहिलं?"

"एक." ती ओढून आणल्यासारखं हसली. "म्हणजे मी. बघा, सगळं गाव माझ्या एकटीच्या जिवावर उभं आहे."

युक्ती शिंप्याचीच होती.

तो चार जणांना घेऊन साहेबाच्या कचेरीत गेला. "ही बघा माणसं, चालतीबोलती!" साहेब वाईट नव्हता. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "मोजणी झाली हो. आता पुढच्या वेळी बघू."

देव दारी येतो, पण कुलूप बघून घर ओसाड म्हणत नाही. माणसाचं तसं नाही.

बस बंद झाली. मग सायकल. मागच्या कॅरियरवर उशी बांधून, तिचे हात आपल्या कमरेला घेऊन, तो हमरस्त्यापर्यंत जाई. कधी तिकडची गाडी मिळे, कधी धूळ. आठवड्याच्या दोन फेऱ्यांची एक झाली, मग तीही चुकू लागली. तिचे पाय सुजले, श्वास अपुरा पडू लागला. एका सकाळी हमरस्ता नजरेच्या टप्प्यात असताना ती म्हणाली, "अहो, थांबवा. टेकू जरा." रस्त्याकडेच्या दगडाला टेकली, ती पुन्हा उठली नाही. त्याच वेळी समोरून गाडी गेली.

आता त्या गावात मोजलेलं माणूस एकही नाही. न मोजलेला शिंपी मात्र आहे. कपडे शिवतो.

तुम्ही कधी बसमध्ये खिडकीशी बसलात आणि शेजारची जागा रिकामी दिसली, तर तिथे सामान टेकवण्याआधी हात जोडा आणि क्षणभर त्या माउलीची आठवण काढा. एवढं माझं मागणं.