लाल बटण

धारूरच्या आमच्या शेडात सीताफळं निवडायचं काम माझं. फळाचे डोळे उघडले, मधल्या फटी पिवळसर झाल्या की फळ तयार. मग लहान असो का मोठं. तीस वर्षांत छबुबाईची निवड कुणी खोडली न्हाई. बिशाद हाय का कुणाची? एकदा आमटीला नावं ठेवली म्हणून मी दिराशी आठ दिवस बोलले नव्हते.

माझी भाची पंचशीला लहानपणापासून माझ्याकडंच वाढली. अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. शेवटच्या वर्षाला तिनं फळं निवडायचं मशीन केलं. वर कॅमेरा, खाली पट्टा, बाजूला स्क्रीन.

"आत्या, रंगाला किती वजन द्यायचं, आकाराला किती, असे लाखो आकडे याच्या आत हायेत," ती म्हणाली. "बाकीच्या मशीनचे आकडे माणूस बदलतो. हे आपलं आपण आत बघतं, चुकलेला आकडा हुडकतं अन् बदलतं. तुमी फक्त चुकलं की लाल बटण दाबायचं."

आता सांगा, पोरीनं वर्षभर खपून केलेल्या मशीनला चारचौघींत बोल कोण लावणार? मशीन लहान फळ तयार असलं तरी कच्च्यात ढकलायचं. शेजारची सिंधुबाई गुपचूप उचलायची, मी चांगल्याच्या क्रेटात ठेवायचे. नव्या सुनेची करपलेली भाकरी आपण चवडीत खाली सरकवतो, तसंच. पंधरा दिवस बटणाला कुणी हात लावला न्हाई. मशीन रोज सकाळी आत बघायचं अन् लिहायचं, 'बदलायची गरज नाही.' पंचशीला खूश.

मग मशीनच्या परीक्षेला कॉलेजातले शहादेव सर आले. त्यांच्या हातात तिचं वर्ष. ते आम्हाला म्हणाले, "बायांनो, आज हात मांडीवर ठेवा."

पहिलंच लहान फळ कच्च्यात. दुसरं, तिसरंबी. सरांनी एक उचलून फटी बघितल्या. "हे तर तयार आहे. पंधरा दिवसांत एकही चूक कळली नाही याला?"

पोरीचं तोंड उतरलं. मी उठले अन् सगळ्यांदेखत बटण दाबलं. "सर, चूक आमची हाय. आमी झाकत होतो. लाड केले त्याचे."

प्रत्येक चुकीला दाबत गेले. सहाव्यांदा पट्टा थांबला. स्क्रीनवर उमटलं, 'आकाराला जास्त वजन देत होतो. कमी केलं. फटींचं वाढवलं. जुन्या फळांचे फोटो पुन्हा तपासले, त्यांची बरोबर निवड बिघडली नाही.'

पुढचं लहान फळ आलं ते सरळ चांगल्याच्या क्रेटात गेलं. त्याच्या मागचंबी. सर हसले. "पास. मला हेच बघायचं होतं."

मला लई बरं वाटलं. अन् थोडी लाजबी. सहा वेळा चूक म्हणलं, तरी ते रुसलं न्हाई.

संध्याकाळी पंचशीला जेवायला बसली. दोन घास खाल्ले अन् माझ्याकडं बघून थांबली.

"काय गं?"

"आत्या, राग मानू नका. आमटीत मीठ जास्त असतं."

"आजच्या?"

"रोजच्याच."

मी बोटानं आमटी चाखली. खरंच खारट होती.

"इतकी वर्षं का बोलली न्हाईस, बाई?" म्हणलं. "उद्यापासून कमी घालते."