थोरल्या इंजिनाचे नोझल

मित्रांनो, मी पाण्याचे एक जुने डिझेल इंजिन आहे. एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे. माझा हिरवा रंग आता पाठीवर तळहाताएवढाच उरला आहे. मोठमोठी यंत्रे आपल्या पराक्रमाच्या कथा सांगतात. तशी कथा माझ्यापाशी नाही. जे सांगणार आहे ते ऐकून तुमचे माझ्याविषयीचे मत चांगले होईल, याचीही मला खात्री नाही. पण खोटे सांगण्यापेक्षा मत्सराची का होईना, खरी गोष्ट सांगावी असे वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले गेले, ते थंड झाले, कानसले गेले, आणि मी झालो. आगगाडीने, मग मालमोटारीने आणि शेवटी बैलगाडीने मी तलवाड्याजवळच्या या गावात आलो. गावकऱ्यांनी नुकतीच पाण्याची सहकारी सोसायटी काढली होती. गावविहिरीचे पाणी मी उपसायचे आणि लोखंडी नळातून टेकाडावरच्या टाकीत चढवायचे, असे माझे काम ठरले.

मला चालवायला शहादेव नावाचा माणूस नेमला. त्यापूर्वी तो दर दिवाळीनंतर बायकोमुलांसह ऊस तोडायला जात असे. माझ्यामुळे त्याचा कोयता घरी खुंटीला लागला. तो हे कधी विसरला नाही. पहाटे यायचा, आपल्या डोक्याचा रुमाल सोडून माझी डिझेलटाकी पुसायचा आणि मगच हँडल मारायचा. माझा पहिला ठोका पडला की गावातल्या बाया म्हणायच्या, "थोरला लागला, उठा." सारे मला थोरला म्हणत. नऊ वर्षे मी त्या शब्दावर जगलो.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. बाहत्तर साली विहिरीचा तळ दिसू लागला. सोसायटीने सुरुंग लावून विहीर खोल केली, तेव्हा कुठे खाली पाण्याची एक धार लागली. पण ते पाणी फार खोल होते. ते टेकाडापर्यंत चढवणे माझ्या आवाक्यातले नव्हते. म्हणून भाद्रपदात नवे इंजिन आले.

ते माझ्याच कारखान्यातले होते. बांधा तोच, सुटे भाग त्याच मापाचे, फक्त माझ्याकडे एक सिलिंडर तर त्याच्याकडे दोन. वयाने लहान म्हणून त्याचे नाव धाकटा पडले. माझ्या दगडी ओट्यावर त्याला बसवले आणि मला त्याच खोलीच्या कोपऱ्यात सरकवले. माझा पट्टा त्याच्या चाकावर चढला. शहादेव आता रुमालाने त्याला पुसू लागला. तो जाता जाता हात फिरवल्यासारखे पुसत नसे. खाली बसून, दोन्ही हातांनी, चाकाच्या आऱ्यांमधूनसुद्धा पुसायचा. मी ते रोज पाहत होतो. लोखंडाला आतून गंज चढतो तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. माझे तसेच झाले होते.

खंडेनवमीला तर कहर झाला. दरवर्षी त्या दिवशी बाया माझी पूजा करीत. त्या वर्षी सगळ्या धाकट्याकडे वळल्या. भिवराबाई ही टाकीवर पाण्याच्या रांगेचा नंबर लावणारी म्हातारी. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. तिने धाकट्याच्या डिझेलटाकीच्या झाकणालाच त्याचे कपाळ मानले आणि मूठभर हळदकुंकू त्यावर थापले.

"आजी, जरा हात आखडून," शहादेव म्हणाला.

"कावून? तुझ्या बापाचं कुंकू हाय का? गावाला पाणी पाजतंय ते. भरू दे की मळवट."

माझ्याकडे कुणी चिमूटभरसुद्धा घेऊन आले नाही. चेअरमन राधाकिशनराव जाता जाता मला काठी टेकवून म्हणाले, "शादेव, ही अडगळ इकून टाकू आता. परळीचा भंगारवाला येतोय माघ महिन्यात."

शहादेव धाकट्याचे चाक पुसत राहिला. मला त्या पुसण्याचाच अधिक राग आला.

त्यानंतर, मित्रांनो, मी एकच इच्छा धरून बसलो. धाकटा बंद पडावा. गावाचे काय होईल, माणसे काय पितील, हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

पौषातल्या एका सकाळी धाकट्याच्या आवाजात फरक पडला. एरवी त्याचे दोन ठोके एकामागून एक, सारख्या अंतराने पडत. त्या दिवशी एक ठोका भरीव पडे आणि दुसऱ्याच्या जागी नुसते फुसकन होई. चाक हेलकावे खाऊ लागले. धुराड्यातून काळा धूर निघाला. मला क्षणात कळले, दोन नंबरच्या सिलिंडरचे नोझल गेले. नोझल म्हणजे डिझेलचा बारीक फवारा सिलिंडरमध्ये उडवणारे बोटभर नळकांडे. फवारा नीट उडाला तर डिझेल पेटते. नुसते ठिबकले तर धूर होतो. मला हे माहीत होते, आणि बोलता आले असते तरी मी बोललो नसतो.

शहादेवने पट्टा तपासला. डिझेलमध्ये पाणी आहे का, म्हणून बाटलीत काढून उन्हाला धरून पाहिले. काही सापडेना. पाणी टाकीला पोहोचणे थांबले. दुपारपर्यंत राधाकिशनराव आले, मागोमाग भिवराबाई आली.

"चार महिन्यात बसलं होय रे नवं इंजिन?" राधाकिशनराव म्हणाले. "गावात प्यायला थेंब न्हाई, अन् तू बाटल्या बघत बसलाय."

"बगतोय आबा. थांबा जरा."

"थांबा काय बे? हे थोरलं हाय न्हवं उभं? लाव ह्याला."

मित्रांनो, हे ऐकून माझ्या अंगात काय झाले ते मी सांगू शकत नाही. मला ओढून ओट्याजवळ आणले. डिझेल भरले, पट्टा चढवला. तिसऱ्याच हँडलला मी पेटलो. इतके जोरात मी आयुष्यात कधी धावलो नसेन. विहिरीतून पाणी उचलले गेले, नळात शिरले, टेकाड चढू लागले. नळाच्या सांध्यांतून फुटणाऱ्या तुषारांवरून ते कुठवर आले हे कळत होते. मला वाटले, आता पोहोचेल. आता भिवराबाई कुंकू घेऊन धावत येईल.

अर्ध्या टेकाडावर पाणी थांबले. मी आणखी जोर लावला. ते थरथरले, पण वर सरकले नाही. टाकीला कान लावून बसलेली भिवराबाई तासाभराने खाली आली.

"न्हाई आलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "थोरल्या, दम लागला का रे? वय झालं बाबा तुझं. माझंबी झालंय."

तिने ते प्रेमाने म्हटले असावे. मला तेव्हा तसे वाटले नाही. शहादेवने मला बंद केले आणि पुन्हा धाकट्यापुढे जाऊन बसला.

आता त्याने डोके शांत ठेवले. बिघडलेले का होईना, त्याने धाकट्याला सुरू केले. मग पाना घेऊन एक नंबरच्या नोझलला जाणाऱ्या नळीचा नट सैल केला, म्हणजे तिकडचे डिझेल बाहेर सांडेल. त्याबरोबर धाकटा आचके देत बंद पडू लागला. शहादेवने तो पटकन आवळला. मग दोन नंबरचा सैल केला. आवाजात काही फरक पडला नाही. जसा आधी होता तसाच.

"कळलं का आबा?" तो म्हणाला. "एक नंबर बंद केला तर इंजिन मरतंय. म्हंजी काम तोच करतोय. दोन नंबर बंद केला काय अन् चालू ठिवला काय, सारखंच. रोगी त्यो हाय."

त्याने दोन नंबरचे नोझल काढले, बाहेरच नळीला जोडले आणि चाक हाताने फिरवले. फवाऱ्याऐवजी डिझेलची लाळ गळावी तशी धार लागली. राधाकिशनराव बोट पुढे करू लागले.

"हात लावू नका. फवारा आलाच तर कातडीत शिरंल. दवाखान्यात अंबाजोगाईला न्यावं लागंल."

राधाकिशनरावांनी बोट धोतरात लपवले.

नोझल खोलले तेव्हा आतली सुई जागीच अडकलेली होती, आणि तिच्या अंगाला लाल चिखल लागला होता. शहादेवने तो बोटावर घेतला, हुंगला, आणि भिवराबाईपुढे धरला.

ती वाकून बघू लागली. "कुंकू हाय व्हय रे हे?"

"झाकणाला हवेचं भोक असतंय आजी. त्यातनं आत गेलं."

"मंग तुझी ती गाळणी काय करत हुती?"

आता शहादेवची मान खाली गेली. धाकट्याच्या गाळणीतला नमदा, म्हणजे जाड लोकरी चकती, धुळीने चोंदला होता. नवा कुठे मिळेना, म्हणून त्याने आपल्या जुन्या धोतराची घडी तिथे बसवली होती. धोतरातून खडे अडतात, कुंकू अडत नाही.

"तुझं धोतर अन् माझं कुंकू," भिवराबाई म्हणाली. "दोघांनी मिळून मारलं बिचाऱ्याला."

माझी त्या क्षणीची अवस्था विचित्र झाली. ज्या मूठभर कुंकवासाठी मी तीन महिने जळत होतो, त्यानेच धाकट्याचा घसा धरला होता. आणि कुणी विचारले नाही म्हणूनच माझी टाकी, माझी नळी, माझे नोझल निर्मळ होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण तेवढ्यात शहादेवची नजर माझ्यावर आली, आणि तिचा अर्थ मला कळला.

"ह्याचं नोझल त्याला बसतंय, आबा. एकाच मापाचं."

"मंग काढ की. इचारतो कुणाला?"

शहादेव पाना घेऊन माझ्यापाशी बसला. त्याने रुमाल सोडला आणि किती तरी महिन्यांनी माझे डोके नीट पुसले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "नवं आलं की तुझं तुला देतो. इकू बी देत न्हाई. शब्द हाय."

"इंजिनाशी काय बोलतो बे?" राधाकिशनराव हसले.

शहादेव लाजला आणि पाना फिरवू लागला. नट सैल होत गेला, तसे मी मनात म्हणत होतो, तुटो हा नट, अडको, धाकट्याला माझे काही न मिळो. शेवटपर्यंत मी हेच म्हणत होतो. नोझल अलगद निघाले. रिकाम्या भोकात शहादेवने चिंधीचा बोळा बसवला.

टाकीचे झाकण धुतले गेले, डिझेल नवे भरले, गाळणीत कापडाच्या चार घड्या आल्या. धाकटा सुरू झाला. धूर निवळला. दिवस मावळायच्या आत टेकाडावरून बायांचा गलका ऐकू आला. पाणी पोहोचले होते. खोलीतली माणसे तिकडे धावली. माझ्याकडे कुणी वळून पाहिले नाही.

एकटा राहिलो तेव्हा मी ऐकू लागलो. धाकट्याच्या दोन ठोक्यांपैकी एक मला ओळखू येत होता. तो किंचित खर्जातला, नऊ वर्षे माझ्या पोटात पडलेला ठोका होता. पुढे दोन महिने मी रोज तेवढाच ऐकत असे. जे पाणी मला एकट्याला अर्ध्यावर सोडून द्यावे लागले, ते त्या ठोक्यासरशी टाकीत पडत होते.

होळीच्या सुमारास औरंगाबादहून नवे नोझल आले. भंगारवाला तोवर येऊन रिकाम्या हाताने परत गेला होता. शहादेवने शब्द राखला होता. त्याने तेलकट कागद उलगडला. मला वाटले, आता माझे माझ्याकडे येणार.

"नवं नव्याला लाव, जुनं जुन्याला," राधाकिशनराव म्हणाले.

शहादेव धाकट्याचा आवाज ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "चालत्या नोझलला हात लावायचा न्हाई, आबा. गावाचं पाणी त्याच्यावर हाय. नवं ह्याला बसवतो. त्यो मान त्याचा हाय."

आणि त्याने ते झळझळीत नोझल मला बसवले. त्याने मला उगाच सुरू केले, पाणी न उपसता, पाच मिनिटे. माझा आवाज स्वच्छ आला, पण तो माझा नव्हता. ज्याचे सगळे नवे म्हणून मी जळलो, त्याच्यापाशी माझे जुने राहिले, आणि मला नवे मिळाले. खरे सांगतो मित्रांनो, त्या दिवशीही मला धाकट्याचा हेवाच वाटला. फक्त आधी तो बंद पडावा असे वाटे, आता तो बंद पडू नये असे वाटू लागले.

शहादेव दर पंधरवड्याला मला पाच मिनिटे चालवतो. तुम्हीही तुमच्या घरातले, शेतातले यंत्र सांभाळा. डिझेल गाळून भरा, पूजा करायची तर झाकणापासून दूर करा, आणि काढलेल्या भागाचे भोक उघडे टाकू नका. आणि एखादे जुने इंजिन कोपऱ्यात उभे असेल, तर त्याला अधूनमधून हँडल मारा. पाणी चढो न चढो, आपण अजून पेटतो एवढे त्याला कळू द्या.