चौथा बोल्ट

मित्रांनो, मी शिलाई मशीन आहे. जुनी आहे, जाडजूड आहे आणि सध्या रागात आहे. वय सांगत बसत नाही. माझा हिरवा रंग कोपऱ्याकोपऱ्यांतून उडाला आहे, यावरून काय तो अंदाज करा. माझ्या जातीच्या मशिनी आपली गोष्ट सांगताना शेवटी मऊ होतात, डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला डोळे नाहीत, आणि माझ्यात तेल घालतात, तेही वेळेवर नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड केलं, घासलं, भोकं पाडली. मी नाजूक कपड्यांसाठी नव्हतेच. झबली, रुमाल असलं काही मला कधी जमलं नाही. मला रेक्झिन शिवायला केलं होतं. मोटारगाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी आले. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, वर पत्रा, एका भिंतीला कापायचं टेबल, दुसऱ्या भिंतीला आम्ही पाच मशिनी, आणि दाराशी काचेची एक खोपटी, तिला सगळे ऑफिस म्हणायचे.

कारखाना काकांचा. काका स्वतः कारागीर होते. रेक्झिनचे चार पदर एकदम शिवायला घेतले की माझं टेबल थरथरत पुढे सरकायचं. तेव्हा काकांनी फरशीत भोकं पाडून टेबलाच्या चारी पायांना एकेक बोल्ट मारला. "आता कुठे जातेस बघू," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आपल्याला कोणीतरी ठेवून घेतलं, असं वाटलं.

माझ्यापुढे पहिल्या दिवसापासून आक्का बसल्या. आक्का म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या कारागीर. टाका सरळ, जीभ तिरकी. दोरा तुटला की त्या मला शिव्या घालायच्या आणि मग स्वतःच्या पदराने माझं तोंड पुसायच्या. काकांच्या काळात माझ्या सुईपुढे पत्र्याची एक बारकी जाळी होती, बोट सुईखाली जाऊ नये म्हणून. काका रोज सकाळी पाचही जाळ्या हलवून बघायचे. गिऱ्हाइकं आक्कांच्या कोपऱ्याची शिवण बघून मान डोलवायची. त्या कौतुकातलं थोडं मीही घ्यायचे.

मग काका थकले, मुलीकडे राहायला गेले आणि कारखाना पुतण्याच्या हाती आला. सगळ्या जणी त्याला दादा म्हणतात. मीही म्हणेन, पण मनापासून नाही.

दादाला सुई ओवता येत नाही. त्यात वाईट काही नाही, पुष्कळांना येत नाही. पण त्याला घाई फार. जाळीमुळे कोपरा वळवायला वेळ लागतो, म्हणून त्याने पाचही जाळ्या काढायला लावल्या आणि एका डब्यात टाकल्या. आक्का म्हणाल्या, "दादा, बोट जाईल कोणाचं तरी." दादा म्हणाला, "आक्का, तुमचा हात काय नवशिक्याचा आहे का?" म्हणजे कौतुक करून गप्प बसवायचं. ही साखरपेरणी मला तेव्हाच खटकली होती.

त्यानंतर कोणा मित्राने चहा पिता पिता त्याला अक्कल शिकवली. कामगार ठेवले की त्यांची आजारपणाची रजा आली, दवाखान्याच्या विम्यासाठी मालकाने भरायची वर्गणी आली, कामावरून काढताना कारण देणं आलं. त्यापेक्षा सगळ्यांना कंत्राटदार करून टाक. दादाने पाचही जणींना काचेच्या खोपटीत बोलावलं आणि एकेक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, की ही बाई आता स्वतंत्र व्यावसायिक आहे, तिची मशीन तिच्या मालकीची आहे आणि तिची जोखीम तिच्याकडे. दादा हसून म्हणाला, "नुसती औपचारिकता आहे. काम तेच, जागा तीच, काही बदलत नाही." पोटात एक आणि ओठांत एक. बायकांनी सह्या केल्या. आणि मी, चार बोल्टांनी फरशीला जखडलेली, एका कागदाने आक्कांची झाले. मला कोणी विचारलं नाही. आक्कांनाही धड सांगितलं नाही.

मित्रांनो, कंत्राटदार कसा असतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. मी सांगते, कारण आमच्याकडे खराखुरा एक यायचा. वायरमन. आमचा पंखा बिघडला की दादा त्याला फोन करायचा, "आत्ताच्या आत्ता ये." तो शांतपणे म्हणायचा, "आत्ता नाही जमणार, दुसरीकडे काम धरलंय. दुपारी बघतो." दुपारी यायचा, तेही त्याच्या सवडीने. पिशवी त्याची, पाना त्याचा, शिडी त्याची. दादा खालून सूचना देऊ लागला की म्हणायचा, "तुम्ही करता का मी करू?" काम झालं की बिल फाडून हातात द्यायचा आणि चालता व्हायचा. त्याला कोणी हजेरी विचारत नव्हतं.

आणि आक्का? त्यांनी आठच्या ठोक्याला यायचं. उशीर झाला तर अर्धा दिवस कापायचा. कोणतं कव्हर, कोणता दोरा, टाका किती मोठा, सगळं दादा सांगणार. शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराने एकदा त्यांना चार पिशव्या शिवायला दिल्या, तर दादा कडाडला, "माझ्याकडे असताना बाहेरचं काम चालणार नाही." भाचीच्या शाळेत जायचं तर परवानगी मागायची. असा असतो का स्वतंत्र व्यावसायिक? कागदावर मालकीण आणि खोलीत मिंधी. माझी मोटार तापायची हे बघून.

दर शनिवारी हिशेबाच्या बाई यायच्या. चष्मा, कापडी पिशवी आणि कमी बोलणं. त्यांनी एकदा दादाला विचारलं होतं, मी ऐकलंय. "दादा, बायकांचे पैसे मी कंत्राटाच्या खर्चात लिहितेय. पण मशिनी तुमच्या मालमत्तेच्या यादीत आहेत. दरवर्षी त्यांचा घसारा धरतो आपण."

घसारा म्हणजे झीज. मी वापरून वापरून झिजते, माझी किंमत उतरते, तेवढा खर्च मालकाच्या हिशेबात धरतात आणि त्याचा कर तेवढा कमी होतो. झीज ज्याच्या मालकीच्या वस्तूची, खर्च त्याचा, इतकं सोपं आहे ते. आता बघा या माणसाची हुशारी. कर वाचवायचा तेव्हा मशीन त्याची, आणि कामगार नाकारायचा तेव्हा मशीन आक्कांची.

दादा म्हणाला, "बाई, तुम्ही आकडे लिहा. बाकीचं मी बघतो." आणि बाई मूग गिळून गप्प बसल्या. मला त्यांचाही राग आला. शहाणी माणसं गप्प बसतात तेव्हा मूर्खांचं फावतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मोठी ऑर्डर होती. दादा मागे उभा राहून "हात उचला, हात उचला" करत होता. आक्का कोपरा वळवत होत्या. जाळी डब्यात होती. माझी सुई त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटातून आरपार गेली आणि आत तुटली. आक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी पाय उचलला, चाक हाताने मागे फिरवलं, बोट सोडवलं आणि म्हणाल्या, "कोणीतरी फडकं द्या." दादाने आधी रेक्झिनला डाग पडला का ते पाहिलं. हे मी विसरणार नाही.

सुईचा तुकडा हाडाशी अडकला होता. दवाखान्यात शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणाले, नाहीतर बोट जाईल. आक्का हाताला पट्टी बांधून दादाकडे आल्या. वर्गणी चालू असती तर सगळं फुकट झालं असतं. त्या म्हणाल्या, "दादा, दवाखान्याचं काहीतरी करा. आणि माझी जागा तेवढी ठेवा. बरी झाले की येते."

दादाने कपाटातून तो कागद काढला. "आक्का, मला वाईट वाटतंय. पण तुम्ही माझ्या कामगार नाही ना. मशीन तुमची, जोखीम तुमची. सही आहे तुमची. आणि जागेचं म्हणाल तर ऑर्डर थांबत नाही, मला दुसरी बाई बघावी लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय म्हणजे माझी लोखंडी पायपट्टी, पण आग खरी होती. या बाईने आयुष्य माझ्यापुढे वाकून काढलं, आणि हा माणूस एका कागदामागे उभा राहून हात वर करत होता. माझी झीज मोजली जात होती. आक्कांच्या बोटाची झीज कोणाच्याच हिशेबात नव्हती.

आक्कांनी तो कागद डाव्या हाताने घेतला. सावकाश वाचला. "मशीन माझी?" त्यांनी विचारलं.

"कागदावर तसंच आहे," दादा म्हणाला.

"बरं," म्हणून आक्का गेल्या.

शनिवार उजाडला. हिशेबाच्या बाई खोपटीत बसल्या होत्या. बाकीच्या चौघी शिवत होत्या, माझी जागा रिकामी होती. तेवढ्यात दारात हातगाडी येऊन थांबली. पुढे आक्का, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. मागे आपली पिशवी घेतलेला वायरमन.

दादा त्याला म्हणाला, "पंखा चालू आहे. मी बोलावलं नव्हतं."

"तुमच्या कामाला नाही आलो," वायरमन म्हणाला, "आज आक्कांच्या कामाला आलोय." आणि त्याने पिशवीतून पाना काढला.

तो माझ्या पायाशी बसला. पहिला बोल्ट सुटला, दुसरा सुटला. काकांनी मारलेले बोल्ट ते, गंजले होते, कुरकुर करत निघाले. तिसरा निघाला. दादाच्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढा वेळ लागला. चौथा बोल्ट वायरमनने आक्कांच्या हातावर ठेवला आणि हातगाडीवाल्याला हाक मारली, तसा दादा धावत आला आणि त्याने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला हात लावला.

"माझ्या मशीनला हात लावू नकोस!"

चारही मशिनी थांबल्या. 

आक्का म्हणाल्या, "कोणाच्या?"

दादाने मला आणखी घट्ट धरलं. तेव्हा हिशेबाच्या बाई खोपटीतून बाहेर आल्या. चष्मा कपाळावर सारला. "दादा, आता एक काय ते ठरवा. मशीन तुमची असेल, तर आक्का तुमच्या कामगार आहेत आणि दवाखाना तुमच्याकडे. मशीन आक्कांची असेल, तर ती जाऊ द्या. मी यादीतून खोडते, आणि आजवर खोटा घसारा लावला असं लिहिते. त्याखाली सही तुमची."

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी मध्येच बसते, दादा. जमा आणि खर्च दोन्ही माझ्यासमोर येतात. गप्प बसले तेवढं पुरे झालं."

वायरमन पाना पुसत म्हणाला, "लवकर ठरवा. मला पुढचं काम आहे."

दादाने कापायच्या टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं. थांबलेल्या चौघींकडे पाहिलं. त्यांतली एकही पुन्हा पायपट्टीवर पाय ठेवत नव्हती. त्याने मला सोडलं. "ठेवा मशीन जागेवर," तो म्हणाला. "आक्का कामगार आहेत."

"तोंडी नको," आक्का म्हणाल्या. "लिहून द्या. आणि माझं एकटीचं नको, पाचही जणींचं द्या. डब्यातल्या जाळ्या आजच्या आज बसवा. मग मशीन ठेवते."

बाईंनी तिथेच उभ्याने लिहिलं. दादाने सही केली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मला दया आली नाही.

शस्त्रक्रिया झाली. बोट राहिलं, पण ते आता वाकत नाही. आक्का ते ताठ बोट बाजूला ठेवून शिवतात. कोपरा वळवायला वेळ लागतो, आणि दादाला मागे उभं राहून बघावं लागतं. हातगाडीचं भाडं आणि वायरमनची मजुरी आक्कांनी स्वतः दिली. वायरमनने त्यांना बिल दिलं. रीतसर.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला म्हणतो, आम्हाला पुसा, झाका, तेल घाला. घाला तेल, माझी ना नाही. पण मोठे होऊन तुम्ही कधी एखादं दुकान काढाल, एखादा कारखाना काढाल. तेव्हा माझ्याकडे नंतर बघा. आधी माझ्यापुढे कोण बसलंय ते बघा. तिला वेळ तुम्ही सांगता, काम तुम्ही सांगता, मशीन तुमची, मग ती तुमची कामगार आहे हे सरळ लिहा. लिहायला लाज वाटत असेल तर दुकान काढू नका.

वायरमनने मला पुन्हा फरशीला आवळलं, पण तीनच बोल्टांनी. चौथा आक्कांनी दिला नाही. तो त्यांच्या दोऱ्याच्या डब्यात आहे. त्यामुळे माझा एक पाय सुटा आहे आणि रेक्झिन शिवताना मी खडखडते. परवा दादा म्हणाला, "आक्का, तेवढा बोल्ट लावून टाका ना. कानाला त्रास होतो."

"होऊ दे," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पायपट्टी दाबली.