तीन मिनिटांची मर्यादा

दुपारी सव्वातीनला आकाश पितळी झाले, तेव्हा मी टेबलाशी बसून सर्वांची हजेरी घेतली. आम्ही सहा हौशी रेडिओवाले. वादळाची चाहूल लागली की प्रत्येकाने आपली जागा गाठायची आणि दिसेल ते सांगायचे. आमचे हातातले संच अशक्त. पाण्याच्या टाकीवरचा रिपीटर ते क्षीण आवाज झेलतो आणि उंचावरून जोरकसपणे पुन्हा फेकतो. धाकटी बहीण धरणाच्या बांधावर होती. तिथे फोन लागत नाही.

"पश्चिमेला ढग फिरायला लागलाय," मास्तरीणबाई आपल्या गच्चीवरून म्हणाल्या. "पोटात गारा आहेत. सरळ बांधाकडे निघालाय."

बांधावरून तो दिसणार नव्हता. मध्ये टेकडी होती. मी बहिणीला हाक मारणार, तोच रिपीटरवर एक अख्खी खोली उतरली. शिलाई मशीनची घरघर, कात्रीचा खणखणाट, कुणाचे तरी गुणगुणणे. आमच्या सहांतला टेलर! कापडाच्या ढिगाखाली त्याच्या संचाचे बोलायचे बटण दाबले गेले असणार. बाजारातून टाकी अगदी समोर, त्यामुळे त्याच्यापुढे दुसऱ्या कोणाच्या आवाजाचा निभाव लागेना.

मी त्याला फोन लावला. दुकानातली घंटा मला रेडिओतून ऐकू आली. साऱ्या पंचक्रोशीला आली असेल. मशीन थांबले नाही. उलट गाणे वरच्या पट्टीत गेले. कबूल करतो, क्षणभर मीही त्यात गुंतलो. त्या पितळी उजेडात तो टाक्यामागून टाका घालत होता, जणू ढगालाच अस्तर लावत होता.

मग घड्याळ पाहिले. चार मिनिटे झाली होती.

कोणी सलग तीन मिनिटे बोलत राहिले की रिपीटर आपोआप गप्प होई, आणि तो गप्प झाला की सर्वांनी थेट चॅनेलवर, म्हणजे रिपीटरशिवाय संचाहून संचावर, यायचे, हा आमचा नियम. मास्तरीणबाईंचे अहवाल मध्येच तुटतात म्हणून गेल्या आठवड्यात मीच त्या तिनाच्या तीस केल्या होत्या. वहीत तारीख-वेळेसह नोंद केली. माणसांना सांगायचे राहिले. बहीण रिपीटर गप्प होण्याची वाट पाहत बसली असणार.

टाकी घरामागेच. गुडघ्यांना न विचारता मी लोखंडी जिना चढलो. खाली दोरीवरचे कपडे आडवे होऊन पोहत होते. रस्ते रिकामे होते. खिशातल्या संचात टेलर निवांत शिवत होता. रिपीटरच्या खोलीत शिरून मी खटका ओढला.

शांतता. थेट चॅनेलवर आलो.

"बांध, बांध. ऐकतेस का?"

बराच वेळ नुसती खरखर. मग, "दादा? गाणं का बंद केलंस रे? छान रंगलं होतं."

"आधी गाडीत बस. टेकडीमागून गारा येतायत. पूर्वेच्या रस्त्यानं नीघ."

"इथं तर पान हलत नाहीये."

"वाद घालू नकोस, नीघ!"

"निघाले, बाबा, निघाले." इंजिनाचा आवाज आला. "पण रिपीटर आपणहून का थांबला नाही?"

"मर्यादा वाढवली होती. मी. सांगितलं नाही कोणाला."



"मास्तरीणबाई ऐकतायत का?"

"शब्दन् शब्द," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग झालं की सगळ्यांना सांगून!"

पुढच्या वळणावर तिच्या टपावर पहिली गार वाजली, मग दुसरी, मग मोजता येईनात. ती रस्त्यावरच्या पुलाखाली शिरली.

"दादा, मागं बांध दिसेनासा झालाय. नुसतं पांढरं." तिचा आवाज बारीक झाला होता. "बोलत राहा."

मी खोलीच्या दाराशी, भिंतीला टेकून बसलो आणि एकेक विचारत गेलो: गारा केवढ्या, वारा कुठून, काचा शाबूत आहेत ना. शाळेतल्या मुलीसारखी, क्रम न चुकवता, ती उत्तरे देत गेली.