ताडपत्रीचा मांडव

"नंबर लागला की निंगतोच."

"परवापासून हेच ऐकून राह्यली मी. आज साक्षगंध हाय आपल्या पोरीचं. मालूम हाय ना तुमाले?"

फोनमध्ये मागे कोणीतरी इंजिन रेटत होतं. समीक्षाचे बाबा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा उत्तर 'नाही' असतं, एवढं तरी मी बावीस वर्षांच्या संसारात शिकले आहे.

"दुपारून लागन असं वाटते," ते शेवटी म्हणाले. "पन लागला की भरून सरळ रायपूरले जा लागते. तू पाहुण्याईले समजून सांग ना जराशी."

"काय सांगू? बाप मेला म्हनून सांगू?"

समोर समीक्षा पुऱ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "आई, असं नको बोलू वं," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. मी फोन ठेवला नाही, फळीवर आपटला.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख आधी दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. एकदा समीक्षाचे बाबा आसामात अडकले होते, एकदा ओडिशात टायर फुटून बसले होते. मुलगा धम्मरत्न यवतमाळला दवाखान्यात एक्स-रे काढतो, शांत आहे, समीक्षाला आवडला आहे. पण त्याचे वडील बळीरामजी जुन्या वळणाचे. पहिल्या तारखेला ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी मला तोंडावर सांगितलं, "पोरीचा बाप चार लोकाईत उभा राहून शब्द देईन तरच सोयरीक. नाई तं बाई, जय भीम. तुमी तुमच्या घरी, आमी आमच्या घरी."

मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

राग आला तो त्या गाडीचा. आमचे हे चार वर्षांपूर्वीपर्यंत जिनिंगची गाडी चालवायचे. खेड्यांतून कापूस आणायचा, जिनिंगात टाकायचा, संध्याकाळी घरी. पगार बेताचाच होता, पण जेवायच्या वेळी ताटावर माणूस असायचा. मग यवतमाळचे ट्रान्सपोर्टवाले भगवानराव भेटले. त्यांनी चौदा चाकी गाडी करारावर दिली. गाडी त्यांची, कागद त्यांचे. डिझेल आमचं, टायर आमचे, रस्त्यावर जो हात आडवा करेल त्याचा चहा आमचा. महिन्याला ठरलेला हप्ता द्यायचा आणि ठरलेल्या फेऱ्या करायच्या. चार वर्षं न चुकता हे केलं की गाडी आपली. एका महिन्यात एक फेरी जरी कमी पडली तरी गाडी परत, आणि तोवर भरलेलं सगळं भाड्यात गेलं असं समजायचं.

"आता मी नोकर नाई, रुपाली. मालक हाव," असं त्या दिवशी पेढे वाटताना हे म्हणाले होते. असा मालक मी जगात पाहिला नाही, ज्याला स्वतःच्या पोरीचा दहावीचा निकाल तेलंगणातल्या ढाब्यावर कळतो आणि बारावीचा कळतच नाही. क्लीनरचा पगार परवडत नाही म्हणून क्लीनर काढला. मग गाडी सोडून हलणंच बंद झालं. हातात उरायचं ते पूर्वीच्या पगारापेक्षा दोन पैसे जास्त, आणि ते दोन पैसे टायर खायचे. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

आता पाच महिने उरले होते. या पाच महिन्यांच्या नावावर आमच्या घरात सगळं खपत होतं. पाच महिन्यांनी मी घरी राहीन, पाच महिन्यांनी ड्रायव्हर ठेवीन, पाच महिन्यांनी तुला चिखलदऱ्याला नेईन.

आणि आज माझ्या पोरीच्या साक्षगंधाला बाप अडीच-तीन तासांवर होता. आसामात नाही, ओडिशात नाही. आपल्याच जिल्ह्यात, मुकुटबनकडे, सिमेंटच्या कारखान्याबाहेर पार्किंगात. तिथे भरायला आलेल्या गाड्यांना नंबर देतात. नंबर पुकारला की ज्या ड्रायव्हरचं नाव पासवर आहे त्यानेच गाडी गेटवर लावायची. तीनदा पुकारून गाडी हलली नाही की नंबर गेला, पुन्हा रांगेच्या शेपटाला. महिना संपायला चार दिवस होते, एक फेरी बाकी होती, आणि रांग चार दिवसांची होती. मला सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच डोकं फिरलं.

मी बळीरामजींना फोन लावला.

"भाऊ, पोरीचा बाप येत नाई. त्याच्यापाशी आपुनच जाऊ. शब्द थो देईन, पन गाडीपाशी उभा राहून देईन."

"पार्किंगात साक्षगंध?" ते ओरडले. "आमी काय भिकारी हाव?"

पलीकडून त्यांच्या बायकोने, विमलताईंनी, फोन काढून घेतला. "चाला ना वो बाई," त्या म्हणाल्या. "दोनदा साडी नेसून उतरवली म्या. आता एकदाचा पाहून तं येऊ हा बाप दिसते कसा."

आम्ही क्रूझर गाडी भाड्याने केली. पुऱ्यांची टोपली, वांग्याच्या भाजीचं पातेलं, बुंदीचा डबा, हार, बौद्धाचार्य आणि आम्ही. समीक्षा नव्या साडीत खिडकीशी बसली होती. पाहुण्यांची गाडी मागून येत होती.

पार्किंग म्हणजे उजाड माळ. शे-दोनशे गाड्या, सगळ्यांवर सिमेंटची राखाडी भुकटी. समीक्षाचे बाबा बनियनवर, बादलीत लुंगी पिळत होते. मला पाहिलं आणि लुंगी तशीच हातात राहिली.

"डोकं फिरलं काय तुयं?" दबक्या आवाजात ते म्हणाले. "ह्या जागेवर पोरीले आनलं? पाहुण्याईले आनलं? माही काई इज्जत हाय का नाई?"

"इज्जत! तिसऱ्यांदा तारीख मोडली असती तं कोनाची गेली असती? तुमची नाई, तुमी तं रायपूरले असते. माही गेली असती, तिची गेली असती."

"मंग कोनासाठी करून राह्यलो मी हे? सांग ना. सहा-सहा दिस आंघोळ नाई, झोप नाई, कोनासाठी?"

"आमच्यासाठी?" माझा आवाज चढला. बाजूच्या गाड्यांतून डोकी बाहेर आली. येऊ द्या. "आमच्यासाठी होतं तं एकदा आमाले इचारलं काहून नाई? म्या कधी म्हनलं होतं, मले चौदा चाकं पायजे? तुमचा बाप शेवटी दोन महिने खाटेवर होता. त्याचं हागनं-मुतनं म्या केलं. थो रोज इचारे, इंद्रजित आला काय? म्या रोज खोटं सांगे, रस्त्यात हाय म्हनून. चार वर्षं हेच सांगून राह्यली मी. घरात मानूस नाई, रस्त्यात हाय!"

ते माझ्याकडे बघत राहिले. दाढी पांढरी झाली होती. ती कधी झाली ते मला माहीत नव्हतं, आणि त्याचाही मला रागच आला.

"पाच महिने रुपाली," ते हळू म्हणाले. "फक्त पाच."

"सदरा घाला. पाहुणे उतरून राह्यले."

शेजारच्या गाडीचा गोपाल म्हणून एक ड्रायव्हर होता. त्याने सगळं ऐकलं असणार, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. दोघा-चौघांना हाक मारून त्याने ताडपत्री काढली, एक बाजू स्वतःच्या गाडीला आणि दुसरी आमच्या गाडीला दोराने बांधली. खाली सतरंज्या आल्या. कोणीतरी केबिनमधली गादी आणून बळीरामजींना दिली. एका स्टुलावर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला. बघता बघता दोन ट्रकांच्या मध्ये मांडव उभा राहिला, आणि बळीरामजींचा चेहराही थोडा सैल झाला.

समीक्षाचे बाबा पांढरा सदरा घालून आले. सदऱ्याला घड्या पडल्या होत्या. आज येता येईल म्हणून त्यांनी तो बरोबर नेला होता, हे मला तेव्हा कळलं.

त्रिशरण-पंचशील झालं. धम्मरत्नने समीक्षाला अंगठी घातली, समीक्षाने त्याला. आजूबाजूचे ड्रायव्हर चपला काढून उन्हात उभे होते. बौद्धाचार्य म्हणाले, "आता मुलीच्या वडलांनी शब्द द्यावा."

समीक्षाचे बाबा उठले. घसा खाकरला. "मी, इंद्रजित..."

आणि खांबावरचा भोंगा खरखरला.

"गाडी नंबर सत्तेचाळीस बारा. सत्तेचाळीस बारा, गेटवर घ्या."

कोणाला सांगायला नको होतं. समोर, मांडवाचा दोर जिथे बांधला होता, तिथेच पाटीवर तो नंबर होता. समीक्षाच्या बाबांचा हात खिशातल्या चावीकडे गेला. मुद्दाम नाही गेला, आपसूक गेला. चार वर्षांची सवय होती ती. त्यांनी दोराकडे पाहिलं, मग बळीरामजींकडे, मग माझ्याकडे. मी मान फिरवली. मी का सांगू? चार वर्षं मला कोणी विचारलं नव्हतं.

"सत्तेचाळीस बारा," भोंगा दुसऱ्यांदा ओरडला.

तेवढ्यात समीक्षा उठली. गळ्यातला हार एका हाताने सावरत ती गाडीपाशी गेली आणि वळून अगदी सहज, पाणी देऊ का विचारावं तसं म्हणाली, "बाबा, दोर सोडू काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. रुसवा नव्हता. बाप जाणारच आहे, तर त्याला उशीर होऊ नये, एवढंच होतं. मी तिला असं शिकवलं नव्हतं. चार वर्षांत ती आपल्या आपण शिकली होती. माझ्या सगळ्या ओरडण्याने जे झालं नाही ते त्या चार शब्दांनी झालं. समीक्षाच्या बाबांचा चेहरा कोणी थोबाडीत मारावी तसा झाला.

"नको बापा," ते म्हणाले. "राहू दे. ये, बस इथं."

त्यांनी तिला हात धरून परत आणलं, बसवलं, आणि उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी इंद्रजित, समीक्षाचा बाप. ही सोयरीक मले मंजूर हाय."

त्याच वेळी भोंग्याने तिसऱ्यांदा नंबर पुकारला आणि लगेच पुढचा पुकारला. लांबवर कोणाचं तरी इंजिन सुरू झालं. विमलताईंनी माझ्या तोंडात बुंदी घातली. ती मला गोड लागली नाही.

जेवणं व्हायच्या आत भगवानरावांचा फोन आला. गेटवरून कळलं असणार. समीक्षाचे बाबा फोन घेऊन पाहुण्यांपासून लांब, गाडीमागे गेले आणि मी त्यांच्या मागे. त्यांचा आवाज एवढा मोठा की स्पीकर लावायची गरज नाही.

"साक्षगंध झालं म्हने पोरीचं! अभिनंदन, अभिनंदन. अरे, आधी सांगायचं ना." मग जराही न थांबता, "फेरी तं गेली आता. करार तुले मालूमच हाय, इंद्रजित. चावी गेटवर ठेवून दे. मी उद्या मानूस पाठवतो."

"साहेब, पाच महिनेच राह्यले..."

"माह्या हातात काय हाय सांग बरं? कागदावर तूच सही केली."

फोन बंद झाला. तो आवाज इतका गोड, इतका तयार होता की मला कळून चुकलं: हा माणूस या दिवसाची वाट पाहत होता. पाच महिन्यांनी त्याची गाडी जाणार होती. आज नाही तर पुढच्या महिन्यात, कुठे ना कुठे, आमची एक फेरी चुकायचीच होती. आणि ती चुकवायचं निमित्त मी झाले. मला त्याच्या दारात जाऊन दगड मारावेसे वाटले. नवऱ्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मी मांडवात परत आले आणि फक्त पुऱ्या वाढत राहिले.

पाहुणे समाधानाने गेले. निघताना बळीरामजींनी समीक्षाच्या बाबांना मिठी मारली. त्यांना फोनबद्दल काही माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही.

ताडपत्री उतरली. समीक्षाच्या बाबांनी केबिनमधून सामान काढलं. स्टोव्ह, दोन भांडी, चादर, टॉर्च. एका पोत्यात चार वर्षं मावली. मग त्यांनी बादली भरली आणि बंपरवर चढून समोरची काच पुसायला लागले.

"आता कायले पुसता?" मी म्हणाले. "लोकाची गाडी. चावी फेका अन् चाला घरी."

"उद्या कोनी तरी घेऊन जाईनच ना रायपूरले," ते हात न थांबवता म्हणाले. "संध्याकाळी सूर्य आरशातून डोळ्यावर येते अन् धुळीची काच असली का पुढचं काईच दिसत नाई. नवा पोट्टा अशीन. त्यालेबी सांगतलं अशीन, गाडी तुहीच हाय म्हनून."

त्यांचा हात काचेच्या मधोमधपर्यंतच पोचत होता. क्रूझरवाला हॉर्न वाजवत होता. मी साडीचा पदर कमरेला खोचला, दुसऱ्या बाजूने बंपरवर चढले आणि त्यांच्या बादलीतली दुसरी चिंधी पिळून घेतली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा बाजूला सरकले. माझा राग तसाच होता. मी माझ्या बाजूची काच खसखसून पुसली.