कंट्रोलची नळी

"पोटुशीले बोटीत नाही बसवत आम्ही," शेवंताबाईंनी ठासून सांगितलं.

श्रुतिका दचकली. "तुमाले कोणं सांगतलं?"

"तुमच्या मालकानं. गाडीतून उतरल्याबरोबर. गेटवाल्यालेही सांगून आले ते."

प्रीतम तंबूची दोरी ओढत हसला. "खुशखबर हाय बाई, लपवाची काहून?"

लामता गावाच्या पुढे, तलावाच्या काठावर चार तंबू होते आणि एका पत्र्याच्या शेडखाली शेवंताबाईंचा स्वयंपाक. शनिवार-रविवारची ही जागा प्रीतमनं महिन्यापूर्वीच ठरवली होती. बाळ झाल्यावर कुठलं फिरणं, असं त्याचं म्हणणं. श्रुतिकाच्या पर्समध्ये शुक्रवारी आलेला एक कागद होता. तो त्याला अजून दाखवलेला नव्हता.

ती बालाघाटच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. या कामात ती आली तीच संकेतमुळे. तिच्या या धाकट्या भावाला सिकलचा, रक्ताचा आनुवंशिक आजार होता. हाडं दुखायला लागली की तो उशी तोंडात धरायचा. एकोणिसाव्या वर्षी गेला. श्रुतिकाला आजार नव्हता, पण तिच्या रक्तात तो दोष होता. नवऱ्याच्याही रक्तात असला तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. त्यांच्या समाजात पत्रिका पाहत नाहीत. आता सिकलचा रिपोर्ट मात्र पाहतात.

दोन वर्षांपूर्वी प्रीतम कटंगीहून तिला पाहायला आला, तेव्हा त्याचं रक्त तिनंच तपासलं होतं. रक्त औषधात मिसळायचं आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. सिकल असेल तर द्रव गढूळ होतो, रेघा दिसत नाहीत. प्रीतमच्या नळीतून सगळ्या रेघा दिसल्या. शेजारी सिकलचं म्हणून माहीत असलेलं रक्त दुसऱ्या नळीत लावायचं असतं. ही कंट्रोलची नळी गढूळ झाली, तरच औषध चांगलं आहे असं समजायचं. ती नळी श्रुतिकानं त्या दिवशी लावली नाही. तो बाहेर बाकावर बसला होता, आणि तिला हवं होतं ते उत्तर समोर दिसत होतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी नवऱ्याचा रिपोर्ट मागितला. जुनं रजिस्टर काढलं तेव्हा त्यात नोंदलेली त्या औषधाच्या बाटलीची तारीख तिला दिसली. औषधाची मुदत तपासणीच्या आधीच संपलेली होती. प्रीतमला ताप आला तेव्हा मलेरियासाठी काढलेलं रक्त उरलं होतं. या वेळी तिनं दोन नळ्या लावल्या. दोन्ही गढूळ झाल्या. मोठ्या मशीनवर तपासायला तिनं ते रक्त नागपूरला पाठवलं. शुक्रवारचा कागद तिथला होता. प्रीतमच्याही रक्तात तोच दोष निघाला होता.

संध्याकाळी प्रीतम पाण्यात पाय सोडून बसला होता. "पोरगी झाली तर पौर्णिमा. बोल, मंजूर?"

"पाहू."

"दोन दिवसांपासून पाहू-पाहूच चालू हाय तुझं. काही होऊन राह्यलं का तुले?"

"नाही," ती म्हणाली.

सकाळी शेवंताबाईंनी पोहे आणून ठेवले. त्या शेडकडे वळल्या, तशी श्रुतिकानं पर्स उघडली आणि कागद त्याच्यापुढे धरला. बाटलीची तारीख, न लावलेली नळी, सगळं क्रमानं सांगितलं. काही गाळलं नाही.

प्रीतमनं कागद दोनदा वाचला. "म्हणजे संकेतसारखं?"

"चारात एक. मंगळवारी नागपूरले बाळाची तपासणी होते. त्यात समजते."

"अन् निघालं तर?"

तिनं पोह्यांची प्लेट बाजूला सारली.

"तवा बरोबर निघालं असतं, तर लगन केलं असतं का तू?"

आता खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली.

तो उठला आणि काठाकाठानं चालत गेला, शेवटच्या तंबूच्याही पलीकडे. शेवंताबाई चहा घेऊन आल्या, दोन्ही प्लेटी तशाच पाहून म्हणाल्या, "मीठ कमी झालं काय वो?"

"नाही बाई. चांगले हायत."

बऱ्याच वेळानं तो परत आला आणि थोडं अंतर ठेवून बसला. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

"मंगळवारी किती वाजता?"

"नऊ."

"पहाटेच निघा लागन." त्यानं ओल्या पँटवरचं शेवाळ बोटानं खरवडलं. "माझं रक्त पुन्हा घेतीन का?"

"हौ. दोघांचंही."

"या खेपेले दुसरं कोणी पाहीन ना?"

श्रुतिकानं मान हलवली. "हौ. दुसरंच."

प्रीतमनं तिची प्लेट उचलून तिच्या हातात दिली. "खाऊन घे," तो म्हणाला आणि तलावाकडे तोंड करून बसला. ती थंड झालेले पोहे खात राहिली, घासामागून घास, प्लेट रिकामी होईपर्यंत. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पण तिचं खाणं संपेपर्यंत उठलाही नाही.