एस्माच्या चित्रातली अंजनाबाई

"आजी, सच बोल, ही तूच आहेस न?"

करिष्माने विचारलं तसा अंजनाबाईंनी चष्मा पदराने पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

भिलाईच्या सिविक सेंटरच्या कलादालनात अबखाझियाच्या आधुनिक चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. चित्रकला शिकणारी करिष्मा तिथे मदतीला होती. काल खोकी उघडताना ती एका चित्रापाशी थबकली आणि आज आजीला नि बाबांना घेऊन आली. चित्रातली तरुण बाई विटांच्या ढिगावर बसली होती. हात मांडीवर, नजर थेट समोर. खाली पाटी : 'मजूर स्त्री, भिलाई'.

"मीच व्हय," अंजनाबाई म्हणाल्या. "सांगत होती न तुमाले? कोनाले खरं वाटलं?"

खरंच कोणाला वाटलं नव्हतं. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा त्या तिथे विटा वाहायच्या. रशियातून आलेल्या एका इंजिनिअरची बायको, एस्मा, रंगांची पेटी घेऊन यायची. "तुले कोन रंगवते वं!" म्हणून नवरा, नत्थू, जन्मभर हसला. मुलगा चंपत, करिष्माचा बाप, तेच हसू ऐकत मोठा झाला. आता तो चित्राकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

अबखाझियाच्या राजधानीहून, सुखुमीहून, चित्रांसोबत आलेल्या आमराबाई मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागल्या. काळ्या समुद्राकाठचा त्यांचा चिमुकला मुलूख. तिथले पहिले चित्रकार नाटकांचे पडदे रंगवायचे. पुढे सुखुमीत चित्रशाळा निघाली आणि त्यांची माणसं, त्यांचे डोंगर कॅनव्हासवर आले. एस्मा तिथेच शिकली. पुढे तिकडे युद्ध झालं, त्यात तिची बरीच चित्रं जळाली. बहिणीच्या गावी टांगलेलं हे तेवढं बचावलं. एस्माही आता नव्हती.

"आधी एस्माच्या चित्रात औरत नेहमी काम करते," आमराबाई म्हणाल्या. "भिलाईनंतर ती बसते, आपल्याकडे बघते. मग आमच्या नव्या चित्रकार मुलींनीही तशीच काढली. का बदललं, आम्हाला माहीत नाही."

करिष्माने आजीला समजावून सांगितलं.

"मले मालूम हाये न," अंजनाबाई म्हणाल्या. "ते इशाऱ्यानं म्हने, डोक्यावर विटा घे. मी म्हनलं, बाई, विटा त रोजच राह्यते डोक्यावर. मायं चित्र काढून राह्यली त मले बसू दे."

"मंग?" करिष्माने विचारलं.

"मंग का? ते बी बसली, मायासमोर, मातीतच. अन् काढलं."

करिष्माने हे आमराबाईंना हिंदीत सांगितलं. मग त्यांनी पाटी काढून हातात घेतली. काय लिहू, त्यांनी विचारलं.

"अंजनाबाई नत्थू रामटेके," अंजनाबाईंनी ठासून सांगितलं. थोडं थांबून म्हणाल्या, "मजूर बी राहू द्या. काम केलं हाये आमी. पन नाव पहिले."

दुसऱ्या दिवशी नवी पाटी लागली, मराठीत आणि खाली अबखाझ भाषेत. शाळेतली पोरं रांगेने येऊन नाव मोठ्याने वाचत होती. चंपत कोणाला न सांगता एकटाच आला होता. त्या पोरांच्या मागे तो रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मग मान वर केली.